ती फट कुणाची? खिडकी-दाराच्या चौकटीतून येणारी ओल आणि आपला शेवटचा हप्ता



मृग लागायला आता थोडेच दिवस राहिलेत. म्हणून या वेळचा अभ्यासपाठ घराबद्दल घेतला आहे. चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी या आपल्या पट्ट्यात गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी आली की दोन कारणं हमखास असतात. एक म्हणजे घर वाढवायचंय, आणि दुसरं म्हणजे भाड्यासाठी खोल्या काढायच्यात. एमआयडीसीत कामाला आलेली माणसं या खोल्यांत राहतात आणि त्या भाड्यातून गटाचा हप्ता फिटतो. व्यवहार चांगला आहे. पण पहिल्याच पावसात खोलीला ओल आली तर सगळं गणित कोलमडतं.

ओल दिसली की आपण लगेच म्हणतो, "स्लॅब गळतोय." मग स्लॅबवर वॉटरप्रूफिंगचा खर्च करतो. पुढच्या वर्षी ओल पुन्हा तिथेच. कारण बऱ्याचदा स्लॅब कोरडा असतो आणि पाणी येतं ते खिडकी-दाराच्या चौकटीच्या कडेने. हे ओळखायचं कसं, बांधकाम चालू असताना काय बघायचं आणि पैसे देताना काय सांभाळायचं, या तीन गोष्टी आज शिकायच्या आहेत.

ओल कुठून आली, ते कसं ओळखायचं?

भिंतीवर ओलीचा डाग कुठे आहे ते नीट बघा. डाग छताला, खोलीच्या मधोमध असेल तर स्लॅबचा संशय घ्या. डाग खिडकीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून ओघळासारखा खाली उतरत असेल, तर खिडकीखालचा दगड किंवा चौकटीची फट तपासा. खिडकीच्या वरच्या कडेला डाग असेल तर छज्जा तपासा. दाराच्या चौकटीचे पाय काळे पडले असतील, फुगले असतील किंवा लोखंडी चौकट खालून गंजली असेल, तर उंबरठ्यापाशी पाणी साचतंय. वाऱ्याचा पाऊस असतानाच ओल वाढते आणि सरळ पावसात वाढत नाही, असं दिसलं तर खिडकी-दाराचाच दोष असण्याची शक्यता जास्त.

जुन्या घराला काय होतं, जे नव्याला नाही?

आपल्या आजीच्या कौलारू घराला वळचण होती. पागोळ्या भिंतीपासून लांब पडायच्या. पुढे पडवी होती, खिडक्या लहान होत्या, दाराला उंच उंबरठा होता. भिंत मातीची असली तरी पावसाचं पाणी तिच्यापर्यंत कमीच पोहोचायचं.

आताची खोली म्हणजे सरळ पेटी. जागा वाचवायला आणि खर्च कमी करायला छज्जा छोटा करतात किंवा काढतच नाहीत. खिडकी मोठी, तीही भिंतीच्या बाहेरच्या कडेला बसवलेली. उंबरठा गेला, कारण फरशी सलग छान दिसते. वळचण गेली, पण पाऊस तोच आहे. जून ते सप्टेंबरचा पाऊस नैऋत्येकडून, पश्चिमेच्या वाऱ्यावर येतो. त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या खिडक्यांना मार जास्त. वळीव आणि परतीचा पाऊस मात्र कुठूनही येतो, म्हणून पूर्वेची खिडकीही सोडून देता येत नाही.

पाण्याच्या तीन सवयी

हे समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. तिन्ही सवयी आपण स्वयंपाकघरात आणि देवघरात रोज बघतो.

पहिली सवय : पाणी चिकटून सरकतं. पातेल्यातून दूध हळू ओतलं की ते ग्लासात न पडता पातेल्याच्या अंगावरून ओघळतं. छज्ज्याच्या कडेवरून येणारं पाणीही असंच करतं. ते खाली न टपकता छज्ज्याच्या पोटाला चिकटून मागे भिंतीकडे येतं.

दुसरी सवय : पाणी बारीक फटीत शोषलं जातं. समईत तेल खाली असतं, तरी वात ते वर ओढते. चौकट आणि भिंत यांच्यातली केसाएवढी भेग अशीच पाणी आत ओढून घेते. म्हणून "एवढ्याशा भेगेतून काय येणार?" असं म्हणू नका.

तिसरी सवय : वाऱ्याच्या जोरावर पाणी आडवं आणि वरही चढतं. सरकत्या खिडकीच्या पट्टीत पाणी साचलं आणि वारा सुटला, की ते पट्टीवरून उडी मारून आत येतं.

या तीन सवयी लक्षात ठेवल्या की पुढच्या पाच जागा आपोआप समजतील.

तपासायच्या पाच जागा

१. छज्जा. छज्जा साधारण दीड फूट बाहेर असावा आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंना थोडा जास्त गेलेला असावा. वरचा ढाळ बाहेरच्या बाजूला हवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे छज्ज्याच्या पोटाला, पुढच्या कडेपासून इंच-दीड इंच आत, बोटभर रुंदीची सलग खाच हवी. मागे सरकणारं पाणी त्या खाचेपाशी अडतं आणि तिथेच टपकतं. गवंड्याला प्लास्टर ओलं असतानाच सांगा. एक पट्टी लावून ही खाच सहज निघते. नंतर रंगारी ती पुट्टीने भरून टाकतो, तेवढं लक्ष ठेवा.

२. खिडकीखालचा दगड. कडप्पा असो वा ग्रॅनाइट, त्याचा ढाळ बाहेर हवा. आतली कड उंच, बाहेरची खाली. दगड भिंतीच्या प्लास्टरपासून किमान इंचभर बाहेर आलेला हवा आणि त्याच्या पोटालाही खाच हवी. दगड भिंतीच्या सपाटीत कापला की त्याच्यावरचं पाणी थेट भिंतीवरून ओघळतं. तपासणी सोपी आहे. दगडावर तांब्याभर पाणी ओता. ते बाहेर पळालं तर ठीक. जागेवर थांबलं किंवा आत वळलं तर दगड पुन्हा बसवायला सांगा. बाहेरून ग्रील असेल तर तिचे पाय दगडात जिथे रुतवलेत ती भोकंही बघा. तिथूनही पाणी झिरपतं.

३. चौकट आणि भिंत यांच्यातली फट. ॲल्युमिनियमची किंवा यूपीव्हीसीची खिडकी तयार भोकात बसवतात, त्यामुळे चारही बाजूंनी थोडी फट राहतेच. ती नुसत्या सिमेंटने किंवा पांढऱ्या पुट्टीने भरली तर काही महिन्यांत भेग पडते. कारण चौकट उन्हात फुगते, थंडीत आकसते आणि सिमेंट तिच्याबरोबर हलत नाही. फट मोठी असेल तर आधी मागे भरणी करून, बाहेरच्या बाजूने पावसा-उन्हाला टिकणारं सिलिकॉन सलग मारावं लागतं. भिंत कोरडी आणि धूळ पुसलेली हवी. ओल्या किंवा धुळीच्या भिंतीवर मारलेलं सिलिकॉन पट्टीसारखं सोलून निघतं. नखाने कड उचलून बघा, लगेच कळेल. लोखंडी चौकट असेल तर ती प्लास्टरच्या आधी बसवतात. तिच्या मागची पोकळी मालाने ठासून भरली का, ते ठोकून ऐका. पोकळ आवाज आला तर आत पाणी साचणार आणि चौकट आतून गंजणार.

४. सरकत्या खिडकीची खालची पट्टी. या पट्टीला बाहेरच्या अंगाला बारीक भोकं असतात. पट्टीत आलेलं पाणी बाहेर जावं म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असतात. काही ठिकाणी भोकं पाडायचीच राहतात. काही ठिकाणी कारागीर इतकं मनापासून सिलिकॉन मारतो की भोकंही बुजतात. मग पट्टी भरते आणि पाणी आत. पट्टीत कपभर पाणी ओतून बघा, ते बाहेर गेलं पाहिजे. दर वर्षी मृगाच्या आधी जुन्या टूथब्रशने पट्टीतली माती काढा आणि भोकं काडीने मोकळी करा.

५. दाराचा पाया. बाहेरच्या दाराशी आतली फरशी बाहेरच्या ओट्यापेक्षा निदान दोन इंच उंच हवी आणि ओट्याचा ढाळ घरापासून लांब जाणारा हवा. उंबरठा जुनाट वाटला तरी तो पाणी अडवायचं काम करतो. बाहेरच्या दारापुरता तरी तो ठेवा. लाकडी किंवा प्लायच्या दाराची खालची आणि वरची कड कुणाला दिसत नाही, म्हणून ती बहुतेकदा रंगवलेलीच नसते. तिथून दार पाणी पितं, फुगतं आणि मग बंद होत नाही. दार बसवण्याआधीच सगळ्या कडांना रंग लावून घ्या.

मग चूक होते कुठे?

एका गटातल्या ताईंनी कर्ज घेऊन दोन खोल्या बांधल्या. नाव छापू नका, असं त्यांनी सांगितलंय. पहिल्याच पावसात दोन्ही खिडक्यांखाली ओल आली. त्यांनी गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, "मी भोक बरोबर ठेवलं होतं. स्लायडिंगवाल्याला विचारा." स्लायडिंगवाला म्हणाला, "माझी खिडकी पक्की आहे. भिंतीचं प्लास्टर गवंड्याचं." दोघांचेही पैसे देऊन झालेले होते. दोघंही पुन्हा फिरकले नाहीत. भाडेकरू पोरांनी महिनाभर वाट पाहिली आणि खोली सोडली.

ताईंनो, खरी गोष्ट इथे आहे. भिंत गवंड्याची, खिडकी स्लायडिंगवाल्याची, पण मधली फट कुणाचीच नाही. आणि पाणी नेमकं तिथूनच येतं. म्हणून काम सुरू होण्याआधीच त्या फटीला मालक ठरवून द्यायचा. कोण भरणार, कशाने भरणार आणि गळली तर कोण येणार, हे कागदावर लिहून घ्यायचं.

आता पैशाचं गणित बघा. समजा, गटातून ५०,००० रुपये घेतले, व्याज महिना १ टक्का, फेड २० हप्त्यांत. पहिल्या महिन्याला मुद्दल २,५०० आणि व्याज ५००, म्हणजे हप्ता ३,००० रुपये. खोलीचं भाडं ३,५०० येत असेल तर हप्ता निघून थोडे उरतात. पण ओलीमुळे खोली दोन महिने रिकामी राहिली, तर ७,००० रुपये भाडं बुडालं. हप्ते मात्र थांबत नाहीत. ते मग घरखर्चातून, नाहीतर दुसऱ्या कर्जातून भरावे लागतात. एक हप्ता चुकला की पुढच्या मैत्रिणीचं कर्ज अडतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

शेवटचा हिशोब करण्याआधी : पाण्याची परीक्षा

काम संपलं की लगेच सगळे पैसे देऊ नका. मजुरीतली काही रक्कम, दहातला एक हिस्सा तरी, परीक्षा होईपर्यंत राखून ठेवा. हे आधीच ठरवून लिहिलेलं असेल तर भांडण होत नाही.

परीक्षेला दोघी लागतात. आधी घराचा मेन स्विच बंद करा. खिडकी बंद करा. एकीने आत टॉर्च आणि कोरडा वर्तमानपत्राचा कागद घेऊन बसायचं. कागद चौकटीच्या कडेला धरला की थेंबभर ओलही लगेच कळते. दुसरीने बाहेरून पाणी मारायचं, पाइपने किंवा झारीने. सुरुवात खालून करायची. आधी पाच-दहा मिनिटं खालच्या दगडावर, मग दोन्ही बाजूंच्या फटींवर, शेवटी वरच्या कडेला. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि नेमकी जागा सापडत नाही. ओल दिसली की पाणी थांबवा, त्या जागेवर खडूने खूण करा आणि मोबाइलवर फोटो काढा. गवंडी आणि स्लायडिंगवाला दोघंही समोर असतील तर उत्तम.

"बायकांना बांधकामातलं काय कळतं?" असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका. दगडावर तांब्याभर पाणी ओतून दाखवा. हप्ता तुम्ही भरताय, तर तपासणीही तुम्हीच करायची.

कुठे काय हक्क आहे?

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण ही २०१६ पासून सुरू आहे. तिच्यात सपाट भागात १,२०,००० रुपये टप्प्याटप्प्याने मिळतात. विधुर किंवा अविवाहित लाभार्थी सोडले तर घर पत्नीच्या किंवा पती-पत्नी दोघांच्या नावावर मंजूर करायचं असतं आणि बांधकाम लाभार्थ्याने स्वतः करून घ्यायचं असतं. म्हणजे कारागीर निवडणं आणि काम बघणं हा तुमचाच अधिकार आहे. घर पूर्ण झाल्याचा फोटो काढण्याआधी पाण्याची परीक्षा करून घ्या.

आपल्यापैकी काहींच्या मुलांनी मोशी, चिखली किंवा चाकणला फ्लॅट घेतलेत. त्यांच्यासाठी रेरा कायदा २०१६ आहे. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत कामाच्या दर्जातला दोष बिल्डरच्या लक्षात आणून दिला, तर तो त्याने ३० दिवसांत, वेगळे पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. तक्रार तोंडी करू नका. लेखी द्या, फोटो जोडा आणि पोच घ्या. मोठ्या ठेकेदाराकडून बांधून घेतलेल्या कामात फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या नंबरवर सल्ला मिळतो.

ओल आधीच आली असेल तर

आतून पुट्टी आणि रंग मारून डाग झाकू नका. पाणी बाहेरून येतंय, ते बाहेरूनच बंद करायला हवं. आतला रंग फक्त पोपडे धरणार. भर पावसात पक्की दुरुस्ती होत नाही. तोवर बाहेरून ताडपत्रीचा किंवा फ्लेक्सचा आडोसा करा आणि पट्टीची भोकं मोकळी ठेवा. उघडीप मिळून भिंत कोरडी झाली की जुनं सुटलेलं सिलिकॉन खरवडून काढा, फट साफ करा आणि नव्याने भरा. आतलं प्लास्टर पूर्ण वाळल्यावरच रंग काढा. त्याला काही आठवडे लागतात, घाई करू नका.

दोन गोष्टींत मात्र एक दिवसही थांबू नका. पहिली वीज. ओल्या भिंतीत बोर्ड असेल तर हात लावू नका, मेन बंद करून वायरमन बोलवा. भाड्याच्या खोल्यांना ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी किंवा आरसीसीबी बसवून घ्या. वीज गळली की तो लगेच बंद पडतो. दुसरी गोष्ट बुरशी. ओलसर, बुरशी धरलेल्या घरात राहणाऱ्यांना खोकला, दम्याचा त्रास वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सांगितलं आहे. लहान बाळाचा पाळणा आणि धान्याची कोठी ओल्या भिंतीपासून लांब ठेवा.

पुढच्या बैठकीचा अभ्यास

प्रत्येक गटाने पुढच्या बैठकीत पुढची चार कामं करावीत.

१. घर किंवा खोल्यांसाठी कर्ज घेतलेल्या मैत्रिणींची यादी काढा. मृगाच्या आधी दोघी-दोघींनी जाऊन त्यांच्या खिडक्या-दारांच्या वरच्या पाच जागा बघा.

२. सगळ्यांनी आपापल्या सरकत्या खिडक्यांच्या पट्ट्या साफ करून भोकं मोकळी करा. याला एक रुपयाही लागत नाही.

३. घरबांधणीचं नवं कर्ज मंजूर करताना ठरावात तीन ओळी लिहून घ्या : चौकटीची फट कोण भरणार, पाण्याची परीक्षा कधी होणार आणि किती रक्कम राखून ठेवणार.

४. चर्चेचा प्रश्न : कर्जाचा हप्ता ताई भरते, पण गवंड्याशी बोलणी घरातले पुरुष करतात. मग काम बघायला आणि शेवटचे पैसे द्यायला ताईने समोर असायला हवं की नको? घरात हे कसं बोलायचं? प्रत्येकीने आपलं मत सांगा आणि इतिवृत्तात लिहा.

तपासणीत काय सापडलं ते ग्रामसंघाच्या बैठकीत सांगा. चांगलं काम करणारा गवंडी आणि फट नीट भरून देणारा स्लायडिंगवाला सापडला, तर त्याचं नावही सांगा. आपल्या गावात असा माणूस कोण आहे, हे सगळ्यांना कळलं तर पुढच्या वर्षी खोल्या बांधणारीला त्याचा उपयोग होईल.

तुमची,
क्षेत्र समन्वयक